सायकल अण्णांच्या हातात दे

आधी पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी मूळची सांगलीची. बंगळुरूत जयनगरमध्ये राहते, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. सुट्टी दर बुधवारी. गेल्या वर्षी आई गेली आणि अण्णा माझ्याकडे राहायला आले. वय 66. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. इथे दिवसभर गॅलरीत बसून असतात. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. मी तीन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली सायकल तिथेच त्यांच्या खुर्चीशेजारी धूळ खात उभी आहे. परवा एक जाहिरात बघितली. एका दिवसात सायकलवरून शहर, 25 किलोमीटर, पाच नामांकित कॅफे. अण्णांना घेऊन जाऊ का? ते म्हणतात, 'कॉफी कसली प्यायची, आपला चहा बरा. आणि ह्या वयात सायकलवर बसलो तर लोक हसतील.' आईला मात्र ते रोज संध्याकाळी डबलसीट गणपतीच्या देवळात न्यायचे, तेव्हा त्यांना लाज वाटायची नाही. खरं सांगू, सुट्टीच्या दिवशी मला नुसतं झोपावंसं वाटतं. आणि झोपले की दिवसभर अपराधी वाटत राहतं. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा वाटलं, सुट्टीचा दिवस कसा घालवावा एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या गॅलरीपाशी अडले. आयुष्यभर एसटीची इंजिनं खोलून जोडणारा माणूस खुर्चीत बसलाय, आणि हाताच्या अंतरावर हवा गेलेली सायकल उभी आहे. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला हात लावलेला नाही. का? कारण ती तुझी आहे. लेकीच्या घरी राहायला आलेला बाप कशालाही हात लावण्याआधी विचार करतो. फ्रीज उघडतानासुद्धा करतो. ते हे तुला कधी बोलून दाखवणार नाहीत.

म्हणून त्या सहलीचं बुकिंग करू नकोस. 25 किलोमीटर हा सवय असलेल्या माणसासाठी किरकोळ आकडा आहे, पण वर्षभर सायकलला न शिवलेल्या 66 वर्षांच्या गुडघ्यांसाठी तो फार आहे. पाच कॅफे म्हणजे पाच कप, तेही रोज चहा पिणाऱ्या माणसाला. आणि मला सगळ्यांत खटकतं ते हे की तिथे वेग दुसरा कुणीतरी ठरवणार. पंचविशीतली मुलं पुढे जाणार, प्रत्येक वळणावर थांबून अण्णांची वाट बघणार, आणि अण्णा प्रत्येक वळणावर "सॉरी, सॉरी" म्हणत येणार. ज्याला आधीच आपण कुणाच्या तरी वाटेत आहोत असं वाटतंय, त्याला असा दिवस देऊ नये.

येत्या बुधवारी तर कुठेच जाऊ नकोस. छान साडेनऊपर्यंत झोप. उठल्यावर चहा घेऊन गॅलरीत जा आणि म्हण, "अण्णा, ही सायकल चालू होईल का बघा की." पुढे काही बोलू नकोस.

मग बघ. ते आधी मागचं चाक उचलून फिरवतील आणि कान देऊन ऐकतील. चेन कोरडी असली की खरखर येते, फ्रीव्हील अडकलं की टकटक येते, ब्रेकचं रबर रिमला घासत असलं की एकाच जागी सूं असा आवाज येतो. हे त्यांना ऐकूनच कळेल. मग टायर अंगठ्यानं दाबतील. मग एका गोष्टीशी अडतील, आणि तिथे मजा आहे. त्यांच्या सायकलला वॉल ट्यूब होती, पिवळट रबराची बारीक नळी, ती सडली की हवा जायची आणि दुकानात चार आण्याला नवी मिळायची. तुझ्या सायकलला बहुतेक मोटारसायकलला असतो तसा व्हॉल्व्ह असेल, पेट्रोल पंपावर हवा भरता येते असा. त्यांना तो उघडून बघू दे. पान्याचा एक संच, तेलाची बाटली, रॉकेल मिळत नाही म्हणून थोडं डिझेल आणि एक जुना टूथब्रश एवढं आणून ठेव. सकाळी सुरू झालेलं ओव्हरऑइलिंग जेवायला हाक मारेपर्यंत चालेल, आणि हाक मारल्यावर "आलो, एवढा नट बसवतो" असं उत्तर येईल. आई गेल्यापासून तू हे वाक्य ऐकलेलं नसणार.

हे एवढ्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून हे चुकलेलं आहे. आम्ही मल्लेश्वरममध्ये राहत होतो तेव्हा माझे सासरे सोलापूरहून आले होते. गिरणीत सायकलनं जाण्यायेण्यात त्यांची उभी हयात गेली. मी मोठ्या हौसेनं एका दुकानातून दोन सायकली भाड्यानं आणल्या. ते वाकून ब्रेक बघायला लागले, तर मी म्हटलं, "चला चला बाबा, ऊन होईल, दुकानदारानं बघून दिल्यात." बंगळुरू वरवर सपाट वाटतं, पण हे सगळं पठार चढउताराचं आहे. पहिल्याच उतारावर त्यांच्या सायकलचा मागचा ब्रेक धरेना. भिंतीला घासून कोपर सोलवटलं, एवढ्यावरच निभावलं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण सायकलवर मात्र पुन्हा बसले नाहीत, ना इथे, ना सोलापूरला परत गेल्यावर. ज्या माणसाला ब्रेक माझ्यापेक्षा शंभरपट कळत होता, त्याला मी दोन मिनिटं दिली नाहीत. ती दोन मिनिटं मला अजून टोचतात.

तेव्हा ब्रेकची परीक्षा अण्णांनाच घेऊ दे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली की मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकलली की चाक न फिरता फरफटलं पाहिजे. सीटची उंची अशी ठेवायची की टाच पायडलवर टेकवली असता पाय सरळ होईल. गुडघे दुखतात त्यातल्या बऱ्याच लोकांची सीट खाली असते. दुसरी सायकल शेजाऱ्यांकडे माग किंवा जुनी घे, पण अण्णांसाठी सरळ हँडलची, ताठ बसता येईल अशीच बघ. पुढे वाकून बसायची शर्यतीची नको. आणि निघण्याआधी एकदा त्यांचं बीपी, शुगर तपासून घे. तुझं तर रोजचं काम आहे ते.

आता कॉफी. "आपला चहा बरा" असं अण्णा म्हणाले, त्यावर वाद घालू नकोस, कारण ज्या कॉफीला ते नाही म्हणतायत ती वेगळी आहे. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध उकळायचं, त्यात बाटलीतली पूड आणि साखर घालायची, वर जायफळ किसायचं. पाहुण्यांना रात्री जेवणानंतर करायची, नाहीतर मुलांच्या परीक्षेत जागरणाला करायची. ती छानच लागते, पण तिच्यात कॉफी थोडी आणि जायफळ, साखर जास्त. बंगळुरूत लोक कॉफी पितात ती तशी नाही, आणि हे अण्णांना तोंडी सांगून पटणार नाही. त्यांना यंत्र दाखव.

फिल्टर हे यंत्रच आहे आणि मेकॅनिकला ते आवडेल. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं. वरच्या भांड्यात पूड घालायची, दांडीच्या चकतीनं अलगद दाबायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण लावून विसरून जायचं. घाई करून थोपटलं, हलवलं तर बिघडतं. पंधरा-वीस मिनिटांत खाली थेंब थेंब करून काळाभोर अर्क जमतो, त्याला इथे डिकॉक्शन म्हणतात. पूड बारीक झाली तर थेंब अडतो, जाड झाली तर पाणी पळतं आणि पाणचट उतरतं. पुडीत चिकोरी असते, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिनं रंग गडद होतो, दाटपणा येतो, पाणी जरा हळू उतरतं. जयनगर-बसवनगुडीत कॉफी दळून देणारी दुकानं आहेत. तिथे "ऐंशी-वीस" किंवा "सत्तर-तीस" असं प्रमाण सांगायचं, पहिला आकडा कॉफीचा, दुसरा चिकोरीचा. सुरुवातीला ऐंशी-वीस घे. गिरणीतून नुकतं निघालेलं पीठ हाताला लागतं तशी ती पिशवी कोमट लागते, आणि घरी पोचेपर्यंत रिक्षाभर वास.

अण्णांना गोष्टी सांगायच्या असतील तर एक सांग. या कॉफीचं मूळ चिकमगळूरच्या डोंगरांत आहे. बाबा बुडन नावाचे सुफी संत सतराव्या शतकात यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया घेऊन आले आणि त्या इथे लावल्या, अशी परंपरा आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे 70 टक्के एकट्या कर्नाटकात होते. म्हणजे अण्णा ज्या गॅलरीत बसून चहा पितात, तिथून बागा बसनं काही तासांवर आहेत.

पुढच्या बुधवारी निघा. सकाळी साडेसहाला. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. पण दुपारची झोप मी या दिवसाचाच भाग धरली आहे, तिच्यात काटछाट करायची नाही. साडेआठनंतर इथल्या रस्त्यावर नवख्या माणसानं सायकल चालवावी असं मला वाटत नाही, आणि अण्णांना इथली रहदारी नवखीच आहे. जयनगरच्या आतल्या आडव्या-उभ्या गल्ल्यांतून जा. झाडं मोठी आहेत, रस्ते आखीव आहेत, आणि सकाळी रांगोळी काढणाऱ्या बायका, दुधाच्या पिशव्या टाकणारा पोरगा आणि फुलवाला, एवढीच गर्दी. साउथ एंड सर्कलला मात्र दोघांनीही उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. तिथे सहा बाजूंनी गाड्या येतात.

तिथून बसवनगुडी. 1898 मध्ये बंगळुरूत प्लेगची साथ आली, त्या सुमारास दाटीवाटीच्या पेठांतून माणसांना मोकळ्या हवेत काढण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही दोन उपनगरं वसवली गेली. त्यामुळे इथे पायी आणि सायकलनं फिरणाऱ्याला अजून जागा आहे. गांधी बाजारात आधी फुलांच्या राशी बघा. मग विद्यार्थी भवन. 1943 पासूनचं हे हॉटेल आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी सुरू झालं, म्हणून नाव तसं. शुक्रवारी बंद असतं, तुझा बुधवार बरोबर बसतो. सुट्टीच्या दिवशी बाहेर नावं लिहून तासभर उभं राहावं लागतं, आडवारी सकाळी लवकर गेलीस तर बसायला मिळण्याची शक्यता बरीच. डोसा जाड, वरून कुरकुरीत, तुपात खरपूस. पण अण्णांना डोशाआधी वाढप्याकडे बघायला सांग. एका हातावर डझनभर ताटल्यांची उतरंड खांद्यापर्यंत रचून तो गर्दीतून येतो आणि पत्ते वाटावेत तशी एकेक ताटली टेबलावर उतरवतो, बाकीची चळत न हलता. हातकाम केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातलं कसब लगेच कळतं. माझी खात्री आहे, त्या दिवशी ते पहिल्यांदा आपण होऊन काहीतरी बोलतील ते याच माणसाबद्दल.

इथे कॉफी मागवू नका, किंवा मागवलीत तर दोघांत एक. "बाय टू" म्हटलं की एका कॉफीचे दोन पेले येतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, सगळं शहर तसंच पितं. आपल्याकडे कटिंग असतो, तसंच.

खरी कॉफी पुढे शंकरपुरममध्ये. ब्राह्मिन्स कॉफी बार, 1965 सालचा. छोटीशी जागा, बसायची सोय नाही म्हटली तरी चालेल. इडली, वडा, खाराभात (म्हणजे तिखट उपमा), केसरीभात (म्हणजे शिरा) आणि कॉफी-चहा, बस. सांबार मागू नका, मिळत नाही. चटणी मात्र मागाल तितकी वाढतात. खाल्लं असेल तर नुसती कॉफी घ्या आणि सायकली झाडाखाली लावून बाहेर उभे राहा. आधी डिकॉक्शन, मग वरून उंचावरून पडणारं उकळतं दूध, आणि फेस काठाला येऊन थांबतो. पेला कडेला धरायचा, नाहीतर बोटं भाजतात. अण्णांना साखर कमी करायची असेल तर पेला हातात यायच्या आधी सांगायला हवं, बऱ्याच ठिकाणी साखर आधीच घातलेली असते. "सक्करे कडिमे" म्हणजे साखर कमी, "सक्करे बेडा" म्हणजे नको.

हे शब्द तू नको सांगूस, त्यांना सांगू दे. भाषा येत नाही असं तू लिहिलंस, पण मला ते पूर्ण पटलेलं नाही. सांगली-मिरजेच्या माणसाला कानडी कानावरून गेलेली असतेच. डेपोत बेळगाव-विजापूरच्या गाड्या यायच्या, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर यायचे. बस कुठे अडलीय ते चार शब्दांत सांगायचे. ते चार शब्द अण्णांच्या डोक्यात कुठेतरी असणार. इथली कानडी त्या कानडीहून निराळी आहे, आणि विजापूरच्या धाटणीचा एक शब्द जरी कानावर पडला तरी गल्ल्यावरचा माणूस मान वर करून "कुठले तुम्ही?" असं विचारील. त्या वेळी तू मध्ये बोलू नकोस. अडखळले तरी बोलू नकोस. आणखी एक गंमत त्यांना सांग. ज्या नावानं तू त्यांना हाक मारतेस, ते इथे सगळं गाव एकमेकांना म्हणतं. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. रस्त्यावर कुणी "अण्णा!" म्हणून हाक मारली तर त्यांनी खुशाल वळून बघावं.

लोक हसतील या भीतीचं काय, असं तू विचारशील. बंगळुरूत सकाळी सायकलवर कोण असतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती भीती जाते. एकीकडे हेल्मेट, चष्मे, चकचकीत कपडे घालून नंदी टेकडीचा चढ करून परतणारी माणसं. दुसरीकडे डोक्यावर टोपी, कॅरिअरला डबा बांधलेले पहारेकरी, माळी, भाजीवाले. या दुसऱ्यांना सायकलिंग कल्चर हा शब्दही माहीत नसेल, पण ते सायकल सोडून कधी कुठे गेलेच नाहीत. जयनगरात मागे सायकलसाठी रस्त्याच्या कडेनं वेगळे पट्टे आखले होते. आज त्यांवर मोटारी उभ्या असतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्या पट्ट्यांची गरज सर्वांत जास्त त्या माळ्याला होती. अण्णांना दोघांपैकी कुणाच्या रांगेत बसायचं ते बसू दे. हेल्मेट मात्र दोघांनाही हवं, यात सूट नाही. चढ आला की उतरून ढकला. बुल टेम्पलकडे जाताना चढ आहे. एका अखंड दगडात कोरलेला तो प्रचंड नंदी बघायला माणसं ढकलतच येतात.

ऊन चढू लागलं की लालबागेचं पश्चिमेचं दार गाठा. आत सायकल नेऊ देत नाहीत. बाहेर कुलूप लावून चालत जा आणि त्या उघड्या खडकावर बसा, बंगळुरू वसवणाऱ्या केम्पेगौडाच्या मनोऱ्यापाशी. तो खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे, भूगर्भशास्त्राचं राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेला. तिथे काही करायचं नसतं. फोन पिशवीत राहू दे. फोटो एकच काढ, आणि तो अण्णांचा नको, त्यांना तुझा काढू दे.

त्या खडकावर, किंवा परत येताना, किंवा त्यापुढच्या कुठल्या बुधवारी, आईचा विषय निघेल. तू पत्रात ते डबलसीटचं वाक्य अण्णांना सायकलचं वावडं नाही हे सांगायला लिहिलंस. मला त्यात दुसरं काही दिसलं. त्या माणसाला सायकलची लाज वाटत नाहीये. वर्षानुवर्षं मागच्या कॅरिअरवर एक वजन होतं, त्याची हँडलला सवय होती. ज्यांनी डबलसीट चालवली आहे त्यांना माहीत आहे, मागचं माणूस उतरलं की सायकल हलकी होत नाही, ती डगमगते. पहिल्या दिवशी अण्णा खाली आवारात दोन फेऱ्या मारतील आणि "नको, जमत नाही" म्हणून परत येतील, असंही होईल. तसं झालं तर आग्रह करू नकोस, समजूतही घालू नकोस. त्या दिवशी सायकली हातात धरून कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत चालत जा, उभ्यानं एक कॉफी बाय टू घ्या आणि घरी या. तोही पूर्ण दिवस झाला. आईबद्दल ते बोलले तर ऐक. न बोलले तर विचारू नकोस.

आता तुझ्याविषयी. आठवडाभर काम करून सुट्टीला झोप येते यात अपराध कसला? तू वडिलांना घरी आणलंस, त्यांचं सगळं बघतेस, आणि त्यावर तुझं स्वतःचंही एक दुःख आहे, कारण ते त्यांची बायको गमावून बसलेत तशी तू आई गमावून बसली आहेस. तुझ्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. तेव्हा प्रत्येक बुधवारी सायकल काढायची नाही. पंधरा दिवसांतून एकदा. मधला बुधवार तुझा, अंथरुणात लोळायचा, आणि अण्णांना ते सरळ सांगायचं: "आज मी झोपणार आहे, कॉफी तुम्ही करा." फिल्टर एव्हाना त्यांच्या ताब्यात गेलेला असेल. माझा अंदाज आहे की महिन्याभरात पुडीचं प्रमाणही तेच ठरवतील, आणि एखाद्या दिवशी वर जायफळही किसतील. किसू दे. कॉफीच्या जाणकारांना तो गुन्हा वाटेल, सांगलीच्या घरात तो वाटत नाही.

त्यांना रस वाटायला लागला तर पुढची ठिकाणं पुष्कळ आहेत, सगळी एकदम सांगत नाही. मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1669 मध्ये बांधलेलं. तिथवर सायकलनं जाऊ नका, मेट्रोनं जा. आणि एकदा चर्च स्ट्रीटच्या इंडियन कॉफी हाउसला त्यांना नक्की ने. कॉफी तिथली साधी आहे, मी कॉफीसाठी सांगत नाही. पांढरे कपडे, कमरेला पट्टा, डोक्याला तुरा काढलेला फेटा, अशा वेषातले ते वाढपी त्या हॉटेलचे नोकर नाहीत, सभासद आहेत. पहिलं इंडिया कॉफी हाउस 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला निघालं. पुढे ही हॉटेलं कॉफी बोर्डानं चालवली. पन्नासच्या दशकात बोर्डानं ती बंद करायला घेतली आणि माणसं बेकार व्हायची वेळ आली, तेव्हा त्या कामगारांनी स्वतःच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. त्यातली पहिली संस्था 1957 च्या ऑगस्टमध्ये इथे, बंगळुरूतच स्थापन झाली. एसटीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ही गोष्ट तिथल्या टेबलावर बसून ऐकताना बरं वाटेल, आणि त्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं तुझ्यापेक्षा जास्त असेल.

रविवारी कब्बन पार्कमधल्या रस्त्यांवर मोटारी सोडत नाहीत. तुझी सुट्टी बुधवारची, तरी एखादा रविवार मोकळा मिळाला तर अण्णांना तिथे मोकळा रस्ता दे. हात सोडून चालवायला लागले तर ओरडू नकोस.

निघताना पिशवीत पाण्याची बाटली, त्यांच्या गोळ्या आणि जुन्या सुती कापडाचा एक तुकडा टाक. चेन उतरली तर ती बसवायला अण्णाच पुढे होतील, आणि नंतर हात पुसायला त्यांना काहीतरी लागेल.

तुझी,
ताई